ब्रॉडवेचा सुवर्णकाळ घरबसल्या: जुनी टीव्ही रेकॉर्डिंग्ज ओळखायची, शोधायची आणि बघायची कशी

३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात 'ओक्लाहोमा!'चा पहिला प्रयोग झाला. तिथपासून १९६४च्या 'हॅलो, डॉली!' आणि 'फिडलर ऑन द रूफ'पर्यंतची वीसेक वर्षं ब्रॉडवे म्युझिकलचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या संगीत नाटकांचा, सुवर्णकाळ मानली जातात. या नाटकांचे हॉलिवूडपट सहज मिळतात, पण त्यात रंगमंचावरचे मूळ लोक बऱ्याचदा नसतात. 'ती फुलराणी'मुळे 'माय फेअर लेडी'ची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ती भूमिका ब्रॉडवेवर १९५६ साली जूली अँड्र्यूजनं गाजवली, सिनेमात मात्र ऑड्री हेपबर्न आली आणि तिच्या बहुतेक गाण्यांना आवाज मार्नी निक्सननं दिला. मूळ नट चालताबोलता, गाताना बघायचा असेल तर त्या काळच्या अमेरिकन टीव्हीची रेकॉर्डिंग्ज हाच मुख्य रस्ता आहे.

नवखा माणूस या रस्त्यावर पहिल्याच वळणाला परत फिरतो. चित्र काळपट, आवाज डब्यातून आल्यासारखा, नाचणाऱ्यांचे पाय अंधुक, निम्मी गाणी गायब. मग तो म्हणतो, एवढं नाव ऐकलं होतं ते हेच का? यातले बहुतेक दोष नाटकाचे नसतात, रेकॉर्डिंगचे असतात, आणि थोडे आपल्या टीव्हीच्या सेटिंगचेही असतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी रेकॉर्डिंग कोणत्या जातीचं आहे ते ओळखायचं, मग त्याची तारीख पक्की करायची, मग टीव्ही नीट लावायचा, आणि नाटक सगळ्यात शेवटी.

पायरी १: काय मिळेल आणि काय मिळणार नाही

'माय फेअर लेडी', 'वेस्ट साइड स्टोरी', 'जिप्सी' यांचा मूळ संचातला अख्खा प्रयोग शोधत बसू नका. तसं पूर्ण चित्रण बाजारात नाही. निर्मात्यांना धास्ती होती की लोकांनी घरी फुकट पाहिलं तर तिकिटबारी ओस पडेल. सिनेमाचे हक्क विकले गेले की स्टुडिओचा करार टीव्हीला आडवा यायचा. शिवाय नट, वादक, लेखक, संगीतकार अशा सगळ्यांचे वेगळे पैसे मोजावे लागत. नाटक जोरात चालू असताना ते टीव्हीवर देण्याचं कारणच कुणाला नव्हतं.

जे उरलं आहे ते साधारण तीन प्रकारचं. पहिला प्रकार टीव्ही स्पेशलचा. यात ९० मिनिटांच्या वेळेत नाटक स्टुडिओत नव्यानं बसवलेलं असतं, कधी मूळ नटांसह तर कधी नव्या. जाहिराती वजा जाता हातात ७५ ते ८० मिनिटं उरतात, म्हणजे अडीच तासांच्या नाटकातून निम्म्याच्या आसपास मजकूर आणि गाणी कापावीच लागतात. दुसरा प्रकार एड सलिव्हन शोसारख्या, नाच-गाणी-विनोद एकत्र दाखवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांत आलेल्या सुट्या प्रवेशांचा. हे चार-पाच मिनिटांचे असले तरी बऱ्याचदा मूळ संच, मूळ वेशभूषा आणि मूळ नृत्यरचना घेऊन येतात. तिसरा प्रकार गौरव सोहळ्यांचा. ब्रॉडवेचे टोनी पुरस्कार देशभर टीव्हीवर दिसू लागले ते १९६७पासून, म्हणजे सुवर्णकाळ ओसरल्यावर. त्यामुळे तिथे जुनी गाणी मूळ कलावंतांनी गायली असली तरी वर्षांनंतर गायलेली असतात. १९७१च्या सोहळ्यात पुरस्कारांची पंचविशी म्हणून अशी बरीच गाणी झाली, मूळ नायक झीरो मॉस्टेलचं 'फिडलर'मधलं गाणं त्यातलंच.

याखेरीज पुढच्या काळात थेट रंगमंचावरून चित्रित झालेली पुनरुज्जीवित नाटकं आहेत. त्यांचा उपयोग वेगळा, तो पुढे येईल.

पायरी २: किनेस्कोप आहे की टेप?

हा प्रश्न सोडवला की निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबू.

१९५६ सालापर्यंत टीव्हीचं चित्र साठवायला व्यवहारात एकच उपाय होता. एका खास मॉनिटरसमोर सिनेमाचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर दिसेल ते फिल्मवर घ्यायचं. फिल्म बहुतेकदा १६ मिलिमीटरची, कधी ३५ची. यालाच किनेस्कोप म्हणतात. अमेरिकन टीव्हीवर सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे ६० अर्धचित्रं (यांना फील्ड म्हणतात) येत आणि फिल्मवर मावत २४ चित्रं, म्हणजे ४८ फील्ड. उरलेली १२ फील्ड प्रत्येक सेकंदाला वाया जात. नाचात हात-पाय तुटक दिसतात ते यामुळे. दोन फील्डचे तुकडे जिथे जुळवले जात तिथे कधीकधी चित्राच्या मधोमध एक आडवी फिकट रेघही तरंगते. तिला फिल्मवरचा ओरखडा समजू नका, ती सगळीभर राहणारच.

रंगाचंही तसंच. अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचं प्रमाण डिसेंबर १९५३मध्ये मंजूर झालं आणि त्यानंतरचे कित्येक मोठे म्युझिकल स्पेशल रंगीतच प्रक्षेपित झाले. किनेस्कोप मात्र जवळजवळ नेहमी कृष्णधवल निघायचा. त्यामुळे 'थेट रंगीत प्रक्षेपण' असं लिहिलेली डीव्हीडी लावली आणि चित्र काळं-पांढरं आलं तर विक्रेत्यानं फसवलं असं नाही. रंग त्या संध्याकाळी घरात रंगीत संच असलेल्यांनी पाहिले आणि तिथेच संपले.

व्हिडिओटेप आली ती १९५६मध्ये. ॲम्पेक्स कंपनीचं यंत्र, दोन इंच रुंदीची टेप, सेकंदाला १५ इंच वेग, फिरत्या चकतीवर चार हेड. सीबीएस या वाहिनीनं ३० नोव्हेंबर १९५६ला ती बातम्यांसाठी पहिल्यांदा प्रक्षेपणात वापरली. तासाभराच्या टेपला तेव्हा सुमारे ३०० डॉलर पडत, म्हणून टेप पुसून पुन्हा वापरणं हा रोजचा शिरस्ता झाला. बरंच काही गेलं ते आगीत किंवा पुरात नव्हे, या काटकसरीत. रंगीत टेपवर आधी मुद्रित करून मग दाखवलेला पहिला मोठा कार्यक्रम म्हणजे एनबीसी या वाहिनीवरचा, नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचा, १७ ऑक्टोबर १९५८चा.

टेपची खूण अशी: हालचाल लोण्यासारखी सरकते, चेहऱ्यावरचा प्रकाश सपाट आणि ओलसर दिसतो, आताच कॅमेऱ्यासमोर घडतंय असं वाटतं. दोषही वेगळे असतात. चारही हेड सारखे जुळलेले नसले की चित्रावर सुमारे १६-१६ ओळींचे आडवे पट्टे रंगात किंचित फरकानं दिसतात. किनेस्कोपवर त्याउलट फिल्मचे दाणे, धुळीचे ठिपके, कडांना अंधार, आणि चकचकीत कपड्यांभोवती काळसर झाक.

दोघांत सामायिक दोष म्हणजे मायक्रोफोन. नटाच्या अंगावर माइक नसायचा, डोक्यावर लांब दांड्याला टांगलेला असायचा. भिंतीवर त्याची सावली सरकताना दिसली किंवा नट वळल्यावर आवाज बुडाला, तर तुमचे स्पीकर तपासत बसू नका.

पायरी ३: तारीख पक्की करा

एकाच नाटकाची तीन-तीन रेकॉर्डिंग्ज असतात आणि विकणारे, अपलोड करणारे ती बेधडक एकमेकांत मिसळतात. दोन उदाहरणं नीट समजून घेतली तर बाकीची तुमची तुम्हाला उलगडतील.

'पीटर पॅन'. मेरी मार्टिन पीटरच्या आणि सिरिल रिचर्ड कॅप्टन हुकच्या भूमिकेत. जेरोम रॉबिन्सनं बसवलेलं हे नाटक विंटर गार्डन थिएटरात ऑक्टोबर १९५४ ते २६ फेब्रुवारी १९५५ असं चाललं, १५२ प्रयोग. बंद झाल्यावर नवव्या दिवशी, ७ मार्च १९५५ला, एनबीसीनं ते थेट प्रक्षेपित केलं. सुमारे साडेसहा कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. ९ जानेवारी १९५६ला ते पुन्हा थेट झालं. या दोन्हींचे कृष्णधवल किनेस्कोप उरले आहेत. तिसरं मुद्रण ८ डिसेंबर १९६०चं, रंगीत टेपवरचं. मेरी मार्टिन तेव्हा ब्रॉडवेवर 'द साउंड ऑफ म्युझिक'ही करत होती. पुढे १९६३, १९६६, १९७३ आणि दुरुस्त होऊन १९८९ला दाखवलं गेलं ते हेच.

नवख्यानं यातलं कोणतं घ्यावं? चित्रासाठी १९६०चं. पण नाटक नुकतंच उतरलेलं असताना, अंगात मुरलेलं असताना ते कसं होतं हे बघायचं तर १९५५चं. त्यात एक अधीरपणा आहे, पुन्हा घेण्याची सोय नसल्याचा. उडण्याच्या प्रवेशात मार्टिनच्या पाठीकडे लक्ष ठेवा. पीटर फॉयनं बसवलेली ही उड्डाणं तारांवरची आहेत, आणि घरातल्या प्रवेशात पडद्यांच्या, पलंगांच्या मधून ती कशी वाट काढते ते तिन्ही मुद्रणांत ताडून बघण्यासारखं आहे. घरी मुलं सोबत असतील तर एक आधीच सांगून ठेवा: अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं यातलं चित्रण त्या काळच्या ढोबळ विनोदाचं आहे आणि आज ते खटकतं.

'सिंड्रेला'ची गोष्ट उलटी. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीनं हे टीव्हीसाठीच लिहिलं. ३१ मार्च १९५७, सीबीएस, थेट आणि रंगीत, नायिका जूली अँड्र्यूज. तेव्हा ती 'माय फेअर लेडी'चे प्रयोग करत होती. प्रेक्षकसंख्येचा अंदाज १० कोटींच्या वर जातो. पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्यांनी ते रंगीत पाहिलं, पण पश्चिम किनाऱ्याला घड्याळाच्या फरकामुळे उशिरा दाखवायचं होतं, म्हणून तिथे कृष्णधवल. आपल्यापर्यंत पोचला तोही कृष्णधवल किनेस्कोपच. डीव्हीडी २००४ला आली.

हे बघताना जागेचा विचार मनात ठेवा. सीबीएसचा तो रंगीत स्टुडिओ लहानसा होता. ५६ कलावंत, ३३ वादक, रंगीत कॅमेऱ्याची चार अवजड धुडं, आणि वादकांना वेगळ्या छोट्या खोलीत बसवलेलं. राजवाड्यातल्या नाचात जोड्या एकमेकींना घासून जाताना दिसतात त्याचं कारण हे. ब्रॉडवेच्या नाटकाचे आधी गावोगाव चाचणी प्रयोग होतात, टीव्हीला ती सोय नव्हती. म्हणून या मंडळींनी संपूर्ण रंगीत तालमींचे किनेस्कोप काढून स्वतःचं काम तपासलं.

'सिंड्रेला' शोधताना १९६५ची लेस्ली ॲन वॉरनची रंगीत टेप आणि १९९७ची ब्रँडी व व्हिटनी ह्यूस्टनची आवृत्ती हमखास समोर येते. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण त्या वेगळ्या निर्मिती आहेत. 'जूली अँड्र्यूज, रंगीत' असं लिहून कुणी 'सिंड्रेला' दाखवत असेल तर ते संगणकानं रंगवलेलं समजा.

सलिव्हन शोसाठी साधी कसोटी आहे. तो नियमित रंगीत झाला १९६५च्या शरदात. त्याआधीची रंगीत क्लिप दिसली की शंका घ्या. रंगवलेल्या क्लिपमध्ये सगळ्यांची कातडी एकाच छटेची असते आणि नाचताना हातांचे रंग मागच्या पडद्यात सांडतात. '४के' आणि '६० फ्रेम' असं मिरवणारे व्हिडिओही टाळलेले बरे. मूळ चित्रात दिसणाऱ्या ओळीच जेमतेम ४८०, बाकीचं यंत्रानं कल्पनेनं भरलेलं. चेहरे मेणाचे होतात.

पायरी ४: कोणत्या क्रमानं बघावं

थेट ९० मिनिटांच्या किनेस्कोपवर उडी मारू नका, डोळा आधी सरावू द्या.

सुरुवात सलिव्हन शोपासून करा. १९५८ला त्यात 'वेस्ट साइड स्टोरी'चा 'कूल'चा प्रवेश झाला, तो आधी बघा. मग १९ मार्च १९६१चा भाग. 'माय फेअर लेडी'च्या पाच वर्षांच्या निमित्तानं त्याचे लेखक-संगीतकार लर्नर आणि लोव यांचा सत्कार ठरला होता, पण त्यांनी आपल्या नव्या, अडखळत चाललेल्या 'कॅमेलॉट'ला त्यात भरपूर जागा दिली. रिचर्ड बर्टन आणि जूली अँड्र्यूज मूळ वेशात. दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवर रांग लागली, असं ब्रॉडवेच्या इतिहासात सांगतात. निर्मात्यांची टीव्हीबद्दलची भीती कशी उलटी ठरू शकते याचं हे चांगलं उदाहरण.

दुसऱ्या बैठकीला १५ जून १९५३चा फोर्ड कंपनीच्या पन्नाशीचा कार्यक्रम घ्या, जो एनबीसी आणि सीबीएसवर एकाच वेळी झाला. त्यात एथेल मर्मन आणि मेरी मार्टिन दोन उंच स्टुलांवर बसून एकामागून एक गाणी गातात. नेपथ्य जवळपास नाहीच. मर्मनचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा असं वाचून कळत नाही, इथे कळतं: ती स्वर सरळ समोर फेकते, मार्टिन तोच स्वर गोलाई देऊन सोडते. सुवर्णकाळातल्या गायनाच्या दोन तऱ्हा एका चौकटीत बघायला याहून चांगली जागा नाही. जोडीला २८ मार्च १९५४चा रॉजर्स-हॅमरस्टाइन गौरव कार्यक्रम बघा. तो चारही वाहिन्यांवर एकदम झाला. मेरी मार्टिन आणि एझिओ पिन्झा 'साउथ पॅसिफिक'मधलं करतात, यूल ब्रिनर 'द किंग अँड आय'मधलं, जॉन रेट आणि जॅन क्लेटन 'कॅरोसेल'मधलं. एवढे मूळ कलावंत एका संध्याकाळी पुन्हा कुठे सापडत नाहीत.

मग 'पीटर पॅन' १९६०, 'सिंड्रेला' १९५७, आणि त्यानंतर 'किस मी, केट'. २० नोव्हेंबर १९५८, हॉलमार्क हॉल ऑफ फेम ही टीव्ही मालिका, मूळ जोडी आल्फ्रेड ड्रेक आणि पॅट्रिशिया मॉरिसन. प्रक्षेपण रंगीत, उरला कृष्णधवल किनेस्कोप. ब्रॉडवेवर हे नाटक १९४८ला आलं होतं, म्हणजे दहा वर्षं उलटली होती, तरी ड्रेकचा आवाज शाबूत आहे. यातल्या दोन गुंडांपैकी एक जॅक क्लगमन आहे. पुढच्याच वर्षी तो 'जिप्सी'त मर्मनसमोर उभा राहिला. गीतकार कोल पोर्टरच्या चावट ओळी मात्र टीव्हीसाठी पुसट केलेल्या आढळतील.

रोझलिंड रसेलचं 'वंडरफुल टाउन' त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० नोव्हेंबर १९५८ला, सीबीएसवर झालं. तेही याच बैठकीत बसतं.

पुढची निवड तुमच्या आवडीवर. विनोद आवडत असेल तर कॅरल बर्नेटचं 'वन्स अपॉन अ मॅट्रेस' घ्या, पण १९६४चं कृष्णधवल टेपवरचं आधी बघा. जो बोव्हा, जॅक गिलफर्ड, जेन व्हाइट हे मूळ नट तिच्याबरोबर आहेत आणि समोर प्रेक्षक आहेत. १९७२चं रंगीत जास्त झगमगीत, पण पहिल्याची धार त्यात नाही. नृत्यासाठी 'ब्लूमर गर्ल', मे १९५६, नायिका बार्बरा कुक. ॲग्नेस डी मिलचं युद्धावरचं बॅले त्यात आहे. मर्मनचं १९६७चं 'ॲनी गेट युअर गन' शोधायच्या फंदात पडू नका, त्याची पूर्ण टेप हरवली असंच मानलं जातं. १९५७चं मिळतं ते मेरी मार्टिन आणि जॉन रेटचं.

पायरी ५: मिळवणं आणि चालवणं

शोधताना नाटकाचं नाव एकटं टाकलं तर सिनेमाच येतो. इंग्रजीत नाव, वाहिनी, वर्ष आणि मुख्य नट अशी चारही टाका. सलिव्हन शोचा अधिकृत यूट्यूब चॅनल आहे, तिथल्या क्लिपा मूळ साच्यातून काढलेल्या असल्यानं चौथ्या पिढीच्या कॉपीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. टोनीतल्या गाण्यांचे 'ब्रॉडवेज लॉस्ट ट्रेझर्स' नावाचे तीन संच अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीनं २००३पासून दाखवले, ते डीव्हीडीवर आले.

डीव्हीडी परदेशातून मागवताना विभाग-क्रमांक बघा. अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, भारत सी. वेष्टनावर शून्य किंवा 'ऑल' असेल तर चिंता नाही, नाहीतर सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागेल. एनटीएससी आणि पाल या अमेरिकेच्या आणि आपल्याकडच्या चित्रपद्धतींचा बाऊ करायची गरज उरलेली नाही, आजचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही घेतात. अडतं ते विभागावर. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलण्याचा मोह आवरा. तो साधारण पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच कायमचा अडकतो.

टीव्हीवर चित्राचा आकार ४:३ किंवा 'मूळ' ठेवा. ४३ इंची पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण १२-१२ सेंटिमीटर काळी पट्टी दिसली पाहिजे. ती नसेल तर टीव्ही चित्र ताणतोय किंवा वरून-खालून कापतोय. कापलं तर नाचणाऱ्यांचे पाय जातात, म्हणजे मूळ मुद्दाच जातो. खात्री करायला एखादं घड्याळ, ताट किंवा चंद्र पडद्यावर येईपर्यंत थांबा. ते गोल दिसलं की झालं.

हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा (सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो). किनेस्कोपवर ते नसलेली चित्रं मध्ये घुसवतं आणि कडा वितळतात. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. 'नॉइज रिडक्शन' बंद, कारण ते फिल्मच्या दाण्यांबरोबर भुवयाही पुसतं. चित्र अजूनही खरखरीत वाटलं तर खुर्ची मागे घ्या, सेटिंग वाढवू नका.

संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये बघत असाल आणि हालचालीत कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर डीइंटरलेस (फील्ड नीट जुळवणारं सेटिंग) चालू करा, विंडोजवर 'डी' दाबलं तरी चालतं. टेपवरच्या कार्यक्रमाला 'याडिफ २एक्स', किनेस्कोपला 'फिल्म एनटीएससी' हा पर्याय लावून बघा. ओठ आणि आवाज मागेपुढे असतील तर 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवता येतो. ताळमेळ बसवायला टाळ्यांचा किंवा टॅप नृत्याचा क्षण निवडा, गाण्याच्या ओळीवर नेमकं कळत नाही. आवाज मुळात एकाच वाहिनीचा आहे, 'सराउंड' लावलं तर फक्त पोकळ होतो.

पायरी ६: बघताना समोर काय हवं

इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेसवर त्या नाटकाच्या मूळ निर्मितीचं पान उघडा. पहिल्या प्रयोगाची तारीख, नट, आणि अंकवार गाण्यांची यादी तिथे असते. ती वहीत एका रकान्यात उतरवा, शेजारी 'आहे', 'नाही', 'जागा बदलली', 'दुसऱ्यानं गायलं' अशा खुणा करत बघा. पहिल्या दोन नाटकांत हे किचकट वाटेल. पण टीव्हीसाठी काय कापायचं याची रीत लगेच ध्यानात येते: दुय्यम जोडीची गाणी आधी जातात, मग समूहगीतं, आणि स्वप्ननृत्यं बहुधा निम्म्यावर येतात.

गळालेली गाणी मूळ कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकेवर ऐका. एक लक्षात ठेवा, त्या तबकड्याही प्रयोग नव्हेत. त्या स्टुडिओत केलेल्या, मोजक्या मिनिटांत बसवलेल्या. 'सिंड्रेला'ची तर प्रक्षेपणाच्या आधीच मुद्रित झाली, तीही स्टीरिओ. त्यामुळे गाणी ऐकायला ती तबकडी आणि चेहरे बघायला किनेस्कोप, अशी वाटणी चांगली जमते.

आणि पूर्ण संहिता रंगमंचावर कशी चालते हे कळायला सुरुवातीला उल्लेखलेली अलीकडची चित्रणं वापरा: लिंकन सेंटरमधून ऑगस्ट २०१०ला थेट दाखवलेलं केली ओ'हारा आणि पाउलो शॉट यांचं 'साउथ पॅसिफिक', किंवा लंडनच्या नॅशनल थिएटरचं ह्यू जॅकमनचं 'ओक्लाहोमा!'. आधी हे, मग १९५४च्या गौरव कार्यक्रमातला तोच प्रवेश पुन्हा. पिन्झा किती कमी हालचाल करतो ते दुसऱ्यांदा बघताना जाणवतं.

न्यूयॉर्कला जाणं होणार असेल तर

लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगकला विभागात रंगमंचीय चित्रणांचा संग्रह आहे. बेटी कॉर्विन यांनी तो १९७०ला उभा केला. सुरुवात १९७०ची, त्यामुळे सुवर्णकाळातल्या मूळ प्रयोगांच्या आशेनं जाऊ नका. तिथे खरा खजिना आहे तो त्यानंतरच्या पुनरुज्जीवनांचा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना पेन स्टेशनवरून १ क्रमांकाची भुयारी गाडी पकडून ६६व्या रस्त्याला उतरलं की ते समोरच आहे. ग्रंथालयाचं कार्ड लागतं, वेळ आधी ठरवावी लागते, आणि अभ्यास किंवा कामाचं कारण सांगावं लागतं. चित्रण तिथेच बसून बघायचं, कॉपी मिळत नाही, फोननं टिपणंही चालत नाही. नाटकाचं नाव, वर्ष आणि थिएटर लिहून न्या. एकाच नाटकाच्या चार निर्मिती यादीत असतात आणि चुकीची मागवली तर ठरवून घेतलेली वेळ त्यातच जाते.

जुन्या टीव्ही कार्यक्रमांसाठी शहरातलंच पेली सेंटर. १९७५ला प्रसारण संग्रहालय म्हणून सुरू झालेली ही संस्था आहे. तिथे काय बघायला मिळतं ते वेळोवेळी बदलतं, तेव्हा निघण्याआधी कार्यक्रमाचं नाव आणि प्रक्षेपणाची तारीख कळवून विचारा.